देणगी आणि देणे

मराठी भाषेत 'देणे' या एकाच क्रियापदापासून 'देणगी' आणि 'देणे' अशी दोन नामे आली आहेत. देणगी देणाऱ्याच्या खांद्यावर शाल पडते, त्याचे नाव अहवालात छापले जाते. देणे फेडणारा मात्र पावती मिळाली की सुटलो असे म्हणून निमूटपणे घरी जातो. माझे आयुष्य हिशेब लिहिण्यात गेले. रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ही दोन नामे एका पानावर मांडता येत नाहीत. देणगी हा मालकाच्या खुशीचा खर्च आहे. तो यंदा केला आणि पुढल्या वर्षी केला नाही, तरी त्यास कोणी जाब विचारीत नाही. देणे हे दायित्वाच्या बाजूस बसते आणि फेडल्यावाचून तेथून हलत नाही. घरात साठलेल्या अधिक वस्तूंचे काय करावे, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे उभा राहिला, तेव्हा त्या वस्तू या दोहोंपैकी कोणत्या नावाखाली लिहावयाच्या हाच मूळ प्रश्न आहे असे मला दिसून आले. त्याचे उत्तर शोधताना ख्रिस्ती आचारधर्माचा एक धडा मला गिरवावा लागला. आपल्या देवस्थानाच्या भक्तमंडळींपुढे तो मांडताना थोडा संकोच वाटतो. त्या संकोचाचे कारणही पुढे सांगणार आहे.

दादरा व नगरहवेलीतील राखोली हे गाव सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी आहे. गंमत अशी की, या मुलखाचा पोर्तुगिजांशी संबंध आला तोही एका देण्यापायीच. मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाच्या पोर्तुगीज जहाजाची हानी केली होती. त्याची भरपाई म्हणून, १७७९ च्या तहास अनुसरून, पेशव्यांनी नगरहवेलीचा महसूल पोर्तुगिजांस तोडून दिला आणि १७८३ साली त्यांचा येथे अंमल बसला. १९५४ साली स्वयंसेवकांनी हा मुलूख मुक्त केला, १९६१ साली तो भारतात विलीन झाला, आणि २०२० पासून तो दमण व दीवसह एकाच केंद्रशासित प्रदेशात मोडतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत करांच्या सवलतीमुळे येथे कारखाने आले. वारली, कोकणा आणि धोडिया यांच्या पाड्यांच्या शेजारी पत्र्याच्या लांबच लांब छपरांची ओळ उभी राहिली. त्यांपैकी कृत्रिम धागा तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी १९८९ साली हिशेबनीस म्हणून आलो आणि निवृत्तीपर्यंत तेथेच राहिलो.

धाग्याच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसास एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळते. पॉलिएस्टरला कसर लागत नाही. येशू ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे बजावले, तेव्हा कसर आणि जंग यांची भीती घातली होती. त्या काळी वस्त्र म्हणजे लोकर. ती पेटीत पडून राहिली की किडा तिचा हिशेब चुकता करी. आमच्या आजीच्या पेटीतील रेशमी पैठणीचीही तीच गत झाली. ती घडीवर विरली, आणि त्यामुळेच आमच्या घरात कोणी दुसरी पैठणी साठवून ठेवली नाही. आता किडा निवृत्त झाला आहे. राखोलीहून ट्रक भरभरून निघालेला धागा सुरतेकडे आणि भिवंडीकडे जातो, त्याचे कापड होते, आणि ते कापड आपल्या कपाटात येऊन पंचवीस वर्षे जसेच्या तसे पडून राहते. वस्तू आपणहून नाहीशा होण्याचे थांबले आहे. पूर्वी जे काम काळ आणि कीड करीत, ते आता माणसाने आपल्या हातांनी करावयाचे आहे, आणि या कामाची आपल्या हातांना सवय नाही.

निवृत्तीनंतर मडगावास दोन खोल्यांच्या जागेत जाऊन राहण्याचे आम्ही ठरविले. राखोलीच्या घरास माळा होता. मडगावच्या जागेस तो नाही. जुन्या सवयीप्रमाणे मी वही घेऊन सामानाची यादी करावयास बसलो. आम्ही नवरा-बायको दोघेच, मुलगा परदेशी. दोघांच्या घरात चादरी सव्वीस, ब्लँकेटे अकरा, स्टीलचे डबे त्रेसष्ट आणि एकदाही न नेसलेल्या साड्या चौदा निघाल्या. यांखेरीज आईची भांडी होती: तांब्याचे मोठे भाण, दोन हंडे, पितळेच्या पराती, पाच तपेली, समयांची जोडी. ती गोव्याहून गिरगावास आणि गिरगावाहून राखोलीस आली होती. आईच्या पश्चात त्यांतले एकही चुलीवर चढले नव्हते. दर दिवाळीस आमची मंडळी चिंच लावून ती घासून काढीत आणि पुन्हा माळ्यावर ठेवीत.

आमच्या शेजारी साष्टीकडील एक वृद्ध कॅथलिक बाई राहत. त्यांचा मुलगा राखोलीच्याच एका कारखान्यात कामास होता. आम्ही त्यांना 'बाय' म्हणत असू. राखोलीसारख्या ठिकाणी, जेथे भिंतीपलीकडून गुजराती, हिंदी, उडिया आणि भोजपुरी ऐकू येते, तेथे कोंकणी बोलणारे माणूस भेटणे म्हणजे गावचे पाणी भेटण्यासारखे. ओट्यावर बसून माझी पत्नी आणि बाय तासन् तास कोंकणीत बोलत. ख्रिस्ती उपासाचे दिवस, ज्यांस गोव्यात 'कोरेज्म' म्हणतात, ते सुरू झाले की बायचा एक नेम असे. राखेच्या बुधवारापासून, मधले रविवार सोडून, चाळीस दिवस त्या रोज एक वस्तू कपाटातून बाहेर काढीत आणि दाराशी ठेवलेल्या एका खोक्यात घालीत. ती वस्तू फाटकी किंवा मोडकी असता कामा नये, हा त्यांचा कडक नियम होता. सदऱ्याचे बटण तुटलेले असेल तर त्या ते लावीत. साडी धुऊन, इस्त्री करून घडी घालीत. पास्काच्या सणाआधी ते खोके घरातून जाई. कोठे जाई हे त्यांनी कधी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

एकदा माझ्या पत्नीने त्यांच्या औदार्याची स्तुती केली. बायना ती आवडली नाही. त्या म्हणाल्या, "दान न्हय गो बाये. हें म्हजें न्हय, म्हजे कडेन उरलां इतलेंच."

हे माझे नव्हे, माझ्यापाशी उरले आहे इतकेच. हिशेबनिसाच्या कानाला हे वाक्य चटकन ओळखीचे वाटले. आमच्या वहीत अशा रकमेसाठी स्वतंत्र खाते असते, त्यास अनामत म्हणतात. रक्कम आपल्या तिजोरीत असते, किल्लीही आपल्या कंबरेला असते, परंतु ती आपली नसते. अनामत परत करणाऱ्यास कोणी दाता म्हणत नाही.

आता संकोचाचे कारण सांगतो. आमचे कुलदैवत श्रीमंगेश. त्याचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडावयास आरंभ केला, तेव्हा १५६० च्या सुमारास भक्तांनी देवाचे लिंग नदी ओलांडून पोर्तुगीज अंमलाबाहेरच्या अंत्रूज महालात, प्रियोळास नेले. शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, रामनाथ लोटलीहून रामनाथीस. त्यांच्यामागून घरेदारे, कुळागरे आणि भाताची खाजणे सोडून माणसे गेली. मोडलेल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न पुढे ख्रिस्ती कार्याकडे लावले गेले. ज्या धर्माच्या संस्थापकापाशी डोके टेकावयास स्वतःची जागा नव्हती, त्याचेच नाव घेणाऱ्या राज्याने आपल्या पूर्वजांना बेघर केले. अशा समाजातील माणसाने संग्रह सोडण्याचा धडा ख्रिस्ती घरातून घ्यावा काय?

हा प्रश्न मी टाळला नाही. विचारांती मला असे वाटले की, त्या काळाने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविल्या आहेत, आणि त्या आपण एक करू नयेत. दुसऱ्याने हिसकावून घेतले त्यास त्याग म्हणत नाहीत. ती लूट होय. राखोलीजवळच्या पाड्यांत कुडाच्या भिंतींच्या घरात दोन मडकी आणि एक तवा एवढाच संसार असतो. त्यासही अपरिग्रह म्हणण्याचा अधिकार भरल्या घरात बसलेल्या माणसाला नाही. ते दारिद्र्य आहे. संग्रह सोडणे हा आचार होण्यासाठी वस्तू हाती असावी लागते आणि ती राखण्याची मुभाही असावी लागते. दुसरी गोष्ट व्यक्ती आणि संस्था यांच्या भेदाची. त्या काळच्या गोव्यातील जेझुइट पाद्री वैयक्तिक दारिद्र्याचे व्रत घेत. १६१६ साली मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध करणारे फादर स्टीफन्स त्यांच्यापैकीच. परंतु अकिंचन माणसांची संस्था श्रीमंत होऊ शकते, आणि व्यक्तीने सोडलेला लोभ संस्थेच्या दारातून पुन्हा आत येऊ शकतो. हे केवळ त्यांच्याविषयी खरे आहे असे नाही. आपले मठ आणि आपली देवस्थाने यांनीही ते अधूनमधून आठवावे. बायचा नेम मात्र या दोन्ही दोषांपासून मुक्त होता. त्या आपल्याच कपाटातून काढीत, आणि त्या खोक्यावर कोणत्याही संस्थेचे नाव नसे.

बायचे ते वाक्य त्यांच्या धर्मपरंपरेत किती जुने आहे, हे मला नंतर वाचनात आढळले. चौथ्या शतकात कॅपाडोशियातील कैसरिया येथे संत बासिल नावाचे धर्माध्यक्ष होऊन गेले. दुष्काळाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. कोठारे पाडून आणखी मोठी बांधू पाहणाऱ्या श्रीमंताच्या दृष्टांतावर त्यांचे एक प्रसिद्ध प्रवचन आहे. त्याचा आशय असा की, पेटीत पडून राहिलेले वस्त्र उघड्या माणसाचे आहे, घरात कुजत असलेले जोडे अनवाणी माणसाचे आहेत. आणि दुसऱ्याचे वस्त्र काढून घेणारा जर चोर, तर देता येत असून न देणाऱ्यास दुसरे कोणते नाव द्यावे? हे वाचताना मला दचकावयास झाले, कारण नेमके हेच आपल्या घरी सांगून ठेवलेले आहे. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिरास गृहस्थधर्म सांगतात. पोट भरण्यापुरते असेल तेवढ्यावरच देहधाऱ्याचा हक्क, त्याहून अधिक आपले म्हणणारा चोर आणि दंडास पात्र, असा त्यांचा निर्वाळा आहे. दोन्हीकडे शब्दही तोच. सप्ताहात हा भाग आपण ऐकतो, आरती होते, आणि आपण माळ्याची किल्ली कंबरेला लावून घरी येतो. बायच्या घरी त्या वचनाचे खोके झाले होते. दोन धर्मांच्या शिकवणीत येथे अंतर नाही. अंतर पडते ते तारखा ठरविण्यात. त्यांच्याकडे या कामासाठी पंचांगात चाळीस दिवस राखून ठेवले आहेत.

मर्यादा आखून घेण्याचे एक उदाहरण मला व्यवसायबंधूसारखे वाटते. अठराव्या शतकातील इंग्लंडचे धर्मसुधारक जॉन वेस्ली यांना तरुणपणी वर्षाला ३० पौंड मिळत. २८ पौंडांत त्यांचा निर्वाह होई. उरलेले २ ते देऊन टाकीत. पुढच्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली. खर्च २८ च राहिला आणि ३२ दिले गेले. ९० झाली तेव्हा ६२ दिले, १२० झाली तेव्हा ९२. आपल्या शेजारच्या जैन श्रावकांचे परिग्रहपरिमाणाचे व्रत याच जातीचे आहे. आपण गृहस्थ लोक मिळकतीच्या वाढीबरोबर गरजेची रेषा वर सरकवितो, आणि मग 'उरत काहीच नाही' हे खरे होऊन बसते. वेस्लींनी रेषा आधी आखली, म्हणून किती उरले हे त्यांना कळले.

तरीही सर्वस्व सोडणाऱ्यांच्या कथा ऐकल्या की संसारी मनुष्य घाबरतो, आणि त्यात त्याचे चुकते असे मला वाटत नाही. या घाबरण्याचा खरा विचार व्हावयाचा असेल तर तो रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरात गेल्याशिवाय होणार नाही. करजगावात १८६१ साली जन्मलेल्या या चित्पावन कवीने १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो, असा त्यांचा भाव होता. पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. समोर गरजू दिसला की तो त्याच्याकडे जाई. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या वेतनाचा आधारही सोडला, सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापिला आणि ख्रिस्ती संन्याशाप्रमाणे राहू लागले. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचा मुंबईत अंत झाला. त्यांच्या त्यागाची थोरवी सर्वांस ठाऊक आहे. पण रिकामा झालेला डबा उघडून पाहण्याचे काम लक्ष्मीबाईंचे होते. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांनी हा संसार हसतहसत सांगितला आहे, आणि वाचणाऱ्यास हसू आल्यावर थोड्या वेळाने डोळ्यांत पाणी येते. देहूस तुकोबांच्या घरी जिजाई होत्याच. ज्याच्या घरी साधुपुरुष जन्मला, त्या घरातील चुलीस त्यागाचा वाटा न विचारता द्यावा लागतो.

म्हणून परंपरेने सांगितलेली तुकोबांची एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. वडिलोपार्जित कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडविली, हे सर्वांना माहीत असते. परंतु त्यापूर्वी त्यांनी खतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकट्या बंधूंना, कान्होबांना, त्यांचा अर्धा वाटा दिला, आणि आपला अर्धा तेवढा नदीत सोडला. दुसऱ्याच्या वाट्याचा त्याग आपण करावयाचा नसतो. शुभवर्तमानातील जक्कय याची कथा मी याच अंगाने वाचतो. तो जकातदारांचा मुखिया होता, म्हणजे थोडाबहुत आमच्याच धंद्यातला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा त्याने जाहीर केले की, माझ्या मालमत्तेचा अर्धा भाग गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. त्याने दोन रकमा वेगळ्या मांडल्या. सर्व विकून टाक असे ज्या श्रीमंत तरुणास सांगण्यात आले, तो खिन्न होऊन निघून गेला. अर्धा सोडणारा जक्कय आनंदाने घरात राहिला, आणि त्याचे उद्धरण झाले असे येशूनेच म्हटले. संसारी माणसांसाठी ही वाट पुरेशी रुंद आहे.

आमच्या घरी आईच्या भांड्यांचा प्रश्न याच वाटेने सुटला, पण सहज सुटला नाही. माझी थोरली बहीण गिरगावात असते. तिचे म्हणणे होते की, सर्व तांबेपितळ विकून येतील ते पैसे देवस्थानाच्या अग्रशाळेस द्यावेत आणि तेथे आईच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी. "तिने जन्मभर कोठे नाव लावले नाही, एका ठिकाणी तरी राहू दे," असे ती म्हणाली. या बोलण्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. आईने चार मुले वाढविली, सासरच्या नऊ माणसांचे केले, आणि कोणत्याही कागदावर तिचे नाव पतीच्या नावाशिवाय आले नाही. तिचे नाव दगडावर कोरले जावे असे मुलीला वाटले तर त्यास अहंकार म्हणण्याचे धाडस मला झाले नाही.

दुसरीकडे खानवेलच्या बाजूचा एक वारली पाडा होता. आमच्या कारखान्यात अनेक वर्षे शिपाईकाम केलेला एक गृहस्थ तेथला. पाड्यावर लग्न निघाले की साऱ्या गावाचे जेवण व्हावयाचे, आणि मोठी भांडी सिल्वासाहून भाड्याने आणावी लागत. भाडे वधूपित्याच्या अंगावर, आणि पुष्कळदा ते कर्ज काढून द्यावे लागे. हे मी वर्षानुवर्षे ऐकत होतो. माझ्या माळ्यावर दीडशे पानांचा स्वयंपाक होईल एवढी भांडी पालथी पडून होती, आणि पलीकडे तेवढ्याच भांड्यांपायी माणूस कर्जात जात होता. हिशेबाच्या वहीत या दोन नोंदी समोरासमोर आल्यावर त्यांचे नाव काय, हे मला आता कोणी सांगावयास नको होते. ती अनामत होती.

मी तुकोबांचा मार्ग धरला. भांड्यांच्या दोन वाटण्या केल्या. बहिणीचा वाटा तिला पोहोचता केला. तिने तो विकला, आणि अग्रशाळेत आईच्या नावाची लहानशी पाटी आज आहे. ती पाहून मला आनंदच होतो. माझ्या वाट्याची भांडी, त्यांत ते मोठे भाणही होते, पाड्यावर गेली. ती कोणा एकाची नाहीत, पाड्याची आहेत, असे तेथल्या मंडळींनी आपसांत ठरविले. नेण्यापूर्वी एक अडचण निघाली. जुन्या रीतीप्रमाणे प्रत्येक भांड्यावर आईचे नाव कोरलेले होते. दिलेल्या वस्तूवर आपले नाव राहावे हे मला प्रशस्त वाटेना. कासाराकडून ते घासून घ्यावे काय, असे मी पत्नीस विचारले. ती म्हणाली, "राहू द्या. तिथल्या बायका भांडी घासताना कुणाचं आहे ते बघतील तरी. आणि नाही वाचलं तरी काय बिघडलं?" नाव राहिले. ती पाटी नव्हे. भांड्याबरोबर झिजत जाणारी ती एक खूण आहे.

पत्नीच्या वाट्याच्या वस्तूंविषयी मी एक शब्दही बोलायचा नाही असे ठरविले होते, आणि तो नेम मी पाळला. न नेसलेल्या साड्यांपैकी काही तिने ठेवल्या. तिचा तो अधिकार आहे. ब्लँकेटांची पाळी आली तेव्हा मात्र ती मजसाठी अनपेक्षित अशी वागली. अकरांपैकी सात कोरी होती, आतली प्लॅस्टिकची पिशवीही न फोडलेली. चार जुनी, वापरून मऊ झालेली. तिने सातही कोरी ब्लँकेटे कारखान्याच्या चाळीत एका खोलीत सहासहा जण मिळून राहणाऱ्या परप्रांतीय कामगारांना दिली आणि जुनी चार बांधून मडगावास घेतली. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "जुन्यात आपल्याला ऊब येते. जुनं दुसऱ्याला द्यायचं म्हणजे त्याला आपलं उष्टं देण्यासारखं." बायच्या खोक्यातील तुटलेले बटण ती विसरली नव्हती. आपल्याकडे ग्रहण सुटल्यावर 'दे दान सुटे गिराण' अशी आरोळी येते, आणि घरातील बहुधा सर्वांत जुने वस्त्र दाराबाहेर जाते. देणे फेडताना कोणी फाटकी नोट देत नाही. वस्तू देणे म्हणून गेली की ती चांगलीच जाते. दान म्हणून गेली की तिचा कस आपल्या मनाच्या कसाबरोबर उतरतो.

सुज्ञ वाचकहो, देवळांतील देणगीदारांच्या पाट्या काढून टाकाव्यात असे मी सुचवीत नाही. माझ्या बहिणीची पाटी तेथे आहे, आणि त्या पाट्यांच्या आधारावरच आपली अनेक देवालये, अग्रशाळा आणि वेदपाठशाळा उभ्या राहिल्या आहेत. देणगीचे खाते राहू द्या. माझे म्हणणे एवढेच की, दुसरे खातेही उघडा. गुप्तदानाचा संस्कार आपल्याकडे पूर्वापार आहे; देवापुढची दक्षिणापेटी कोणाचे नाव विचारीत नाही. उजव्या हाताने काय दिले ते डाव्या हातास कळू देऊ नये, ही ख्रिस्ताची शिकवण त्या पेटीपाशी उभे राहून कोणाही भाविकास समजेल. पेटीत नाणे मावते, ब्लँकेट मावत नाही, एवढीच उणीव आहे.

म्हणून एक सूचना देवस्थान समित्यांपुढे नम्रपणे ठेवतो. जत्रोत्सवाच्या आधीचा एक पंधरवडा ठरवावा. त्या अवधीत प्रत्येक कुटुंबाने आपल्या कपाटातून रोज एक वस्तू काढावी. ती धुवावी, दुरुस्त करावी, स्वतः वापरता येईल अशी करावी. अग्रशाळेतील एक खोली त्यासाठी उघडी ठेवावी. तेथे वही नसावी, पावतीपुस्तक नसावे, आणि कोणी काय आणले हे पाहणारा माणूसही नसावा. वस्तू कोठे जाव्यात हे मात्र जवळपासच्या वाड्या-पाड्यांतील मंडळींना विचारून ठरवावे. आपल्या अडगळीची त्यांच्या घरी अडगळ होऊ नये. कोणी विचारील की, हा ख्रिस्ती नेम आपल्या देवळात कशाला? त्यास भागवताचा सातवा स्कंध उघडून दाखवावा.

जे पूर्वज रात्री नदी ओलांडून गेले त्यांनी, परंपरा सांगते त्याप्रमाणे, देव तेवढा बरोबर नेला. मागे काय ठेवावे हे ठरविण्याची मुभा त्यांना कोणी दिली नव्हती. आपल्याला ती आहे. अजून कपाटे उघडी आहेत, वस्तू धडधाकट आहेत, आणि ज्यांचे देणे आहे ती माणसे आपल्याच रस्त्यावर राहतात.